शेवटच्या पानावरचा किनारा

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. काल निमोण्याच्या वाटेवर गुऱ्हाळातल्या उकळत्या रसाचा वास आला आणि पाय थांबले.

तरुणपणी याच गुऱ्हाळावर मी समुद्रसफरीची एक जुनी कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवायचो. ‘किनारा’ हा शब्द तिच्यात सारखा यायचा. नायक सुरुवातीला किनाऱ्याला हसतो, पुढे वादळात त्याच्यासाठी रडतो. तो शब्द ऐकला की चुलाणात चिपाडं सारणारे गेनूमामा हात थांबवायचे.

"लागलं का रं जहाज?"

"न्हाई मामा, अजून लांब हाय."

"मामा, जाळ बघा आधी, गूळ करपंल!" बाकीचे हसायचे. मामांचा मुलगा रागावून घर सोडून गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी मला दौंडची एसटी गाठायची होती. उरलेली पानं वाचायचा कंटाळा करून मी पुस्तक मिटलं. "बुडालं जहाज. संपलं."

मामा खाली मान घालून चिपाडं सारत राहिले.

शेवटचं पान मी एसटीत वाचलं. जहाज किनाऱ्याला लागलं होतं.

काल रसाच्या काहिलीपाशी मामांचा मुलगाच उभा होता, केस पिकलेला. "मी आलो तवा बा म्हनला, त्या पोरानं खोटं वाचलं व्हतं," मी ओळख दिल्यावर तो हसत म्हणाला आणि गरम गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.

मामा असते तर म्हणालो असतो, "चुकलो मामा. जहाज लागलं होतं."