दात घासायला सांगलीला

आमची राहीवहिनी हसताना पदर तोंडावर धरायची. गावाला वाटायचं, काय मर्यादेची बाई! खरी गोष्ट निराळी होती. तिनं भाकरी चावली की घासाच्या कडेला हिरड्यांचं रक्त उमटायचं. पोरांना ते दिसू नये म्हणून ती भिंतीकडं तोंड करून जेवायची. तिच्या आईच्या तोंडाचं बोळकं ऐन उमेदीत झालं होतं. आपलंही तेच होणार, हे तिनं मनाशी धरलं होतं. बरं, शिळी भाकरी अन् भाजलेल्या शेंगा म्हणजे तिचा जीव की प्राण! त्या सुटू नयेत म्हणून भाजल्या तंबाखूची मिश्री ती जास्तच दाबून लावायची. मिश्रीनं दात घट्ट राहतात, असं आमच्याकडं साऱ्या बायकांचं मत.

तिचा नवरा हंबीरदादा, माझा थोरला चुलतभाऊ, चौऱ्याहत्तर साली पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आला. पलटणीत वर्षाला एकदा दात तपासायचे, दुखोत न दुखोत. घरी त्याच्या नजरेला ती तांबडी भाकरी पडली आणि त्यानं फर्मान काढलं, "उद्या सांगलीला. दात साफ करून घ्यायचं."

"आवं, घरातली राखुंडी सपली व्हय? दात घासायला सांगलीला जायाचं?"

"अगं, रायफल बिघडल्यावर पुसत न्हाईत. रोज पुसत्यात, म्हणून चालती."

"मी काय रायफल हाय?"

"तोंड बघ की कसं चालतंय!"

आता कडेगावाकडं दातांचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा, एवढंच आम्हाला माहीत. शेजारची धोंडुबाई तर डोळे पुसत म्हणाली, "जा बाई. सांजला मऊ कण्या शिजवून ठिवते."

मला हळदीच्या पेठेत काम होतं, म्हणून मीही त्या दोघांबरोबर एसटीत चढलो.

डॉक्टरीणबाई पोरगेल्याच होत्या. खुर्ची मात्र भारी, पायानं दाबली की वर जाणारी! वहिनीनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. बाईंनी काडीला लावलेला इवलासा आरसा तोंडात फिरवला, एकेक दात पाहिला, हिरड्या दाबल्या. म्हणाल्या, "कीड नाही. किटण साचलंय, त्यानं हिरड्या सुजल्यात. खरडून काढते. थोडं रक्त येईल, घाबरू नका."

मग आकड्यासारखं हत्यार आणि खरखर, खरखर. मध्येच पाण्याची चूळ. एका चुळीबरोबर काळपट खडा भांड्यात पडला आणि वहिनी ताडकन उठून बसली.

"मोडला! भावजी, बाईनं माझा दात मोडला!"

"दात नव्हे हो, किटण ते," बाई हसत म्हणाल्या. पण वहिनीनं खडा उचलून पदराच्या गाठीत बांधलाच. निघताना बाईंनी सांगितलं, "मिश्री बंद. रात्रीसुद्धा दात घासायचे. थोडे दिवस गार-गरम झोंबेल. आणि सहा महिन्यांनी परत या, दुखत नसलं तरी."

एसटीत वहिनीची जीभ सारखी दातांवरून फिरत होती. किटण गेलं तिथं फटी लागत होत्या. "किसणी केली दातांची. आता समदं पडणार," म्हणाली, आणि दादाशी बोलणं बंद.

घरी बायका कण्या घेऊन बसलेल्याच होत्या. वहिनीनं तोंड उघडलं, तर दात सगळे जागच्या जागी. धोंडुबाईचा चेहरा काय पडला म्हणता! वहिनीनं गाठ सोडून खडा पुढं केला. धोंडुबाईनं नखानं दाबला, तर चुरा.

"अगं बया, दात असा भुगा हुतोय व्हय? ही तुझी मिश्रीच हाय, दगड झालेली!"

साऱ्या हसल्या. वहिनी हसली नाही. मिश्रीचा डबा तेवढा तिनं धास्तीनं वर ठेवून दिला. दादानं आणलेला ब्रश सकाळ-रात्र चालू झाला. दादा मोरीपाशी उभा राहून हुकूम सोडायचा, "वरनं खाली!" तोंडात फेस, त्यामुळं उलट उत्तर नाही. दादाची तेवढीच चैन.

पंधरवडा गेला असेल. रानात बांधावर न्याहारीला बसलो होतो. तो बांध, ते कोवळं ऊन अजून डोळ्यांपुढं आहे. वहिनी सवयीनं पाठ फिरवून बसली. भाकरीचा घास दातानं तोडला आणि थांबली. उरलेली कोर उन्हात धरली, उलटीपालटी केली. पांढरीशुभ्र. पुन्हा चावली, मुद्दाम जोरात. पांढरीच.

तशी ती वळून आमच्याकडं तोंड करून बसली.

"आवं हवालदार," इतक्या दिवसांनी तिनं दादाला हाक मारली, "परत कवा या म्हनली ती बाई?"

"सहा म्हैन्यांनी."

"लय लांब हाय की!" म्हणाली, आणि मोठ्यानं हसली. पदर खांद्यावरच होता.