विहीणबाईंची आजची चूक

माझ्या विहीणबाईंइतक्या मन लावून, पूर्वतयारी करून आणि वेळेवर चुका करणारं दुसरं माणूस साऱ्या नागपुरात शोधून सापडायचं नाही. आपण बाकीचे चुकतो ते हौशी कलाकारासारखे, जमली तर जमली. विहीणबाईंचं तसं नव्हतं. त्या शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या पोरांना शिकवायच्या आणि दर तासाला फळ्यावर एक चूक मुद्दाम करायच्या. कुठे अधिकच्या जागी वजा, कुठे बाण उलटा, कुठे पंपातून पाणी आपणहून वर चढलेलं. तास संपायच्या आत पोरांनी ती धरायची. धरणाऱ्याला हंगामात एक संत्रं आणि हंगाम सरला की संत्रागोळी. कोणीच धरली नाही तर विहीणबाई ती गोळी स्वतःच्या तोंडात टाकत, सगळ्या वर्गासमोर चवीनं चघळत आणि डस्टर उचलून निघून जात. मग पोरं कॉलेजच्या बसमध्ये वह्या उघडून घरापर्यंत भांडत यायची. “झोपलेल्या पोराले बरोबर शिकवण्यापेक्षा जागं असलेल्याले चुकीचं शिकवलेलं बरं,” असं त्या म्हणायच्या, आणि त्यांच्या तासाला झोप घेण्याची सोय खरोखरच नव्हती.

दुसरी खोड म्हणजे प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. विचारणाऱ्यालाच उलट ‘का’ म्हणून विचारायचं, “काहून?” पोरगा असला तर “काहून गा?” पोरगी असली तर “काहून वं?” प्राचार्य असले तर नुसतं “काहून सर?” कॉलेजात त्यांचं नाव ‘काहून मॅडम’ पडलं होतं आणि ते त्यांना ठाऊकही होतं. त्यांचं माहेर कुहीकडचं, धानाच्या शेतीचं. शिक्षण, नोकरी, पगार सगळं वर चढत गेलं, पण बोली त्यांनी बांधावरचीच ठेवली. इंग्रजी पुस्तकातलं उष्णतेचं समीकरण त्या असं समजावत, जणू शेजारीण उसनं भांडं परत करायला आलीय.

आमची पहिली भेट माझ्या लेकीला पाहायला आल्या तेव्हाची. एप्रिलचा महिना. आम्ही हॉलमध्ये नव्या वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर सुरू ठेवला होता आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून आमच्या ह्यांनी खिडक्या, दारं, व्हेंटिलेटर सगळं घट्ट लावून घेतलं होतं. पाहुणे घामानं निथळत पोहे खात होते. पोह्यांवरची तिखट तर्री जास्त झाली की काय म्हणून मी मनात स्वतःला दोष देत होते. विहीणबाई उठल्या, खिडकी सताड उघडली आणि परत येऊन बसल्या. पाच मिनिटांत खोली गार. लेकीला काही विचारायचं सोडून त्यांनी ह्यांना विचारलं, “खिडकी उघडल्यावर थंड काहून झालं?” हे म्हणाले, तुम्हीच सांगा. “मी काहून सांगू? आधी अंदाज करा. मग शेजारच्याले पटवा.” शेजारी बसले होते माझे व्याही. ह्यांनी त्यांना पटवायला घेतलं, त्यांनी ह्यांना. दमट हवा कोंडून राहते इथपर्यंत दोघं मिळून पोचेस्तोवर पोहे गार झाले होते आणि लग्न ठरल्यासारखंच होतं. माझ्या लेकीला नाव विचारायचं राहून गेलं, ते साखरपुड्याला विचारलं.

मी स्वतः एका तंत्रनिकेतनात गणित शिकवत होते, म्हणजे माझा तसा समज होता. कडक इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला साखळी, खडूला कागदाची टोपी, आणि नोट्स अशा की पूर्णविरामसुद्धा सांगून लिहून घ्यायची. माझ्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू यायची आणि मी त्यालाच शिकवणं समजत होते. पुढे कधीतरी वह्या तपासताना एका मुलाच्या वहीत व्याख्येच्या मधोमध वाचलं, ‘ए शेवटचा बाक, खिडकी लाव.’ शेजारच्याच्या वहीतही तेच. सगळ्या वर्गाच्या वहीत तेच. एकानं खाली रेघसुद्धा मारली होती, महत्त्वाचं म्हणून. मी ते प्रकरण कोणाला सांगितलं नाही, पण विहीणबाईंनी माझ्यात हा गुण अचूक हेरला असावा, कारण त्यांनी मला पाटोडी शिकवली ती अशी.

पाटोडी रस्सा त्यांच्या हातचा नंबर एक. मी कृती विचारली, वहीच उघडून बसले. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. बेसन शिजवा, ताटाला तेल लावून थापा, वड्या पाडा, मग वड्या रश्श्यात सोडून अर्धा तास खळखळ उकळू द्या. मी शब्दन्‌शब्द लिहिलं. माझ्या भावाकडची माणसं जेवायला आली त्या दिवशी शब्दन्‌शब्द केलं. अर्ध्या तासानं झाकण उघडलं तर पातेल्यात एकही वडी नाही, नुसतं लाल रंगाचं पिठलं. भावजय म्हणाली, छान झालंय, काय आहे? मी फोन लावला तर विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, “मी वाट पाहून राहिली होती, तुम्ही काहून म्हणून विचाराल. तुम्ही तं लिहूनच राहिल्या. पेन काही थांबे ना.” तेव्हापासून मी कोणाचीही कृती लिहून घेत नाही. निदान लिहिता लिहिता मान वर करते.

ह्या मुद्दाम केलेल्या चुकीला त्यांचा एक कडक नियम होता. चूक आधी कोणाला तरी तोंडी सांगून ठेवायची. साक्षीदार हवा. “नाही तं उद्या मी खरंच चुकली तरी म्हणीन, मुद्दाम केली होती. मग माझ्यात अन् बाकीच्यांत फरक काय?” आधी हे काम प्रयोगशाळेतल्या एका सहायकांकडे होतं. ते निवृत्त झाले आणि मीही झाले होते, तेव्हा ते माझ्याकडे आलं. रोज सकाळी, पहिला चहा होतो न होतो तोच, त्यांच्या सक्करदऱ्याच्या घरून फोन. “विहीणबाई, आजची चूक ऐकून ठेवा.” मी ऐकून ठेवायची. निम्मं कळायचं, निम्मं नाही, पण आमच्या घरात इतकी महत्त्वाची गोष्ट मला आधी सांगणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे मी ती नोकरी मनापासून केली.

कॉलेजला मात्र ह्यातलं काही आवडत नव्हतं. उन्हाळा लागला की विहीणबाई पोरांना घरचे बिघडलेले कूलर आणायला सांगत आणि वर्ग वऱ्हांड्यात भरवत. पंप का जळतो, हवेत ओल किती मावते, पत्रा आधी खाली का सडतो, सगळा अभ्यासक्रम त्या गंजक्या डब्यात असल्यासारखा बाहेर काढत. वऱ्हांडा ओला होई. प्राचार्य एकदा घसरता घसरता वाचले, तर त्यांना उचलायच्या आधी विहीणबाईंनी पोरांना घर्षणाबद्दल विचारलं म्हणे. त्यातच पारशिवनीहून एका मुलाचे वडील भेटायला आले. मुलाची वही दाखवून म्हणाले, मॅडमला विषय येत नाही, फळ्यावर रोज चुकतात, पोरगाच सांगतो. प्राचार्यांना हवंच होतं. ठरलं असं की पुढच्या वर्षापासून सगळे तास तयार स्लाइडवरून, सगळ्यांचे सारखे. पण बाहेरची एक समिती योगायोगानं यायची होती, तिनं विहीणबाईंचा एक तास पाहावा. पसंत पडला तर त्यांची पद्धत राहील, पहिल्या वर्षालाही लागू होईल. नाही पडला तर विषय एका तरुण सरांकडे जाईल आणि विहीणबाईंनी निवृत्तीपर्यंत टाइमटेबल लावायचं. विहीणबाईंना टाइमटेबल लावायला सांगणं म्हणजे गवयाला तिकीट फाडायला बसवणं.

त्या दिवशी त्यांनी मलाच बरोबर नेलं. समितीसमोर साक्षीदार हजर असलेला बरा. ऑटोत त्यांनी आजची चूक सांगितली. हवेतली ओल मोजायला दोन थर्मामीटर, एक कोरडा, एक ओलं फडकं गुंडाळलेला. ओला खरं तर कमी दाखवतो. त्या फळ्यावर उलटं लिहिणार होत्या, ओल्याचं जास्त, कोरड्याचं कमी. मी मान डोलावली. त्या पदरानं पुन्हा पुन्हा कपाळ पुसत होत्या. मी म्हटलं, ऊन फार आहे. त्या म्हणाल्या, “ऊन नाही, भेव आहे.” इतकं खरं बोलणाऱ्या बाईच्या शेजारी बसलं की आपलं काहीतरी खोटं सांगावंसं वाटतं. मी म्हटलं, मला नाही हो भीती वाटत.

वर्गात शेवटच्या बाकावर समिती बसली, तीन माणसं. अध्यक्षांनी नागपूरच्या एप्रिलमध्ये टाय लावला होता, त्यावरूनच मला त्यांची काळजी वाटली. त्यांच्याशेजारी प्राचार्य आणि कडेला मी. टेबलाशेजारी कूलर घरघरत होता. विहीणबाईंनी फळ्यावर लिहिलं, ओला बेचाळीस, कोरडा चोवीस. अध्यक्षांची भुवई वर गेली. प्राचार्यांनी सुस्कारा सोडला, समाधानाचा. पोरं आपसात कुजबुजायला लागली आणि पुढच्या बाकावरची एक शिडशिडीत पोरगी उभी राहिली.

“मॅडम, आमच्या घरी माठाले ओलं फडकं गुंडाळते तं पाणी थंड होते. मग हा ओला वाला गरम काहून?”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. संत्रागोळी पुढच्या बाकावर गेली. आकडे जागच्या जागी आले आणि अध्यक्षांची भुवईसुद्धा. आता सगळे सैल बसले. आजची चूक झाली, सापडली, संपलं. विहीणबाई पुढे निघाल्या. कूलर हवेला जास्तीत जास्त किती गार करू शकेल, तर ह्या दोन आकड्यांत फरक असेल तितकं. त्यांनी बेचाळीसातून चोवीस वजा केले आणि लिहिलं, सोळा.

पोरांनी वहीत लिहिलं, सोळा. मी पाहिलं. अठरा हवे होते. ही चूक मला ऑटोत सांगितली नव्हती. सोळाचा भागाकार झाला, पुढचं गणित मांडलं गेलं आणि अध्यक्ष प्राचार्यांच्या कानाशी वाकले. हात वर करावा तर बाई उघड्या पडतात, न करावा तर सोळा तसेच राहतात. जन्मभर दुसऱ्यांना पूर्णविराम सांगितलेल्या बाईला एक साधा प्रश्न विचारायचं धाडस होईना. तेवढ्यात तीच शिडशिडीत पोरगी तोंडातली गोळी गालात सरकवून म्हणाली, “मॅडम, सोळा काहून? आज दोन हायेत का?”

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि विचारलं, हीसुद्धा ठरवूनच होती का? विहीणबाई फळ्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे. आणि मी, इतकी वर्षं इमानानं साक्षीदार राहिलेली मी, ताडकन उभी राहिले आणि म्हणाले, “हो हो, दोन्ही सांगितल्या होत्या मला.”

“विहीणबाई, बसा,” त्या म्हणाल्या. “खोटं बोलून राहिल्या तुम्ही.”

साठ पोरं हसली. मी बसले. विहीणबाईंनी सोळा पुसले, अठरा लिहिले आणि समितीकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या, “पहिली मी केली होती. दुसरी झाली.” मग पोरांकडे वळल्या. “पण हे सांगा, पहिली सापडल्यावर तुम्ही सगळे आरामात बसले. हे पोरगी बसली नाही. काहून?” त्या प्रश्नावर पुढची वीस मिनिटं वर्ग भांडत होता. टाय लावलेले अध्यक्षसुद्धा शेवटी एका पोराशी वाद घालताना दिसले, टाय सैल केलेला.

परतताना ऑटोत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. समितीचं त्यांना काही नव्हतं. राग माझा होता. मी त्यांचा प्रयोग बिघडवला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला तेव्हा म्हणाल्या, “साक्षीदारानंच असं केलं तं मले कसं समजन, मी कुठे चुकून राहिली ते?”

पद्धत पसंत पडली. विषय त्यांच्याकडेच राहिला. कॉलेजनं मात्र ती पद्धत आपल्या पद्धतीनं लागू केली. परिपत्रक निघालं, प्रत्येक प्राध्यापकानं प्रत्येक तासाला एक चूक करावी, मात्र तिला आदल्या दिवशी विभागप्रमुखांची मंजुरी घ्यावी. महिन्याभरात मंजूर चुका पोरांच्या व्हॉट्सअॅपवर तासाच्या आधीच यायला लागल्या. काही सर मंजुरीपेक्षा जास्त चुका करतात अशी तक्रारही झाली. विहीणबाईंना हे सांगितलं की त्यांना ठसका लागेपर्यंत हसू यायचं.

आता त्यांच्या निवृत्तीलाही बरेच दिवस झाले. माझी लेक, जावई, नात सगळी त्यांच्याच घरी आहेत आणि फळ्याची जागा स्वयंपाकघरानं घेतली आहे. वरणात मीठ दोनदा पडतं. कूलरची मोटर कोरडीच सुरू होते. नात जेवता जेवता म्हणते, आजी, आज दोन, आणि आजी तिच्या हातावर संत्रागोळी ठेवते. फोन मात्र रोज सकाळी येतो. वर्ग नाही, पोरं नाहीत, तरी आजची चूक मला सांगितली जाते आणि मी ती ऐकून ठेवते.

परवा फोन आला. ओल्या फडक्याचा थर्मामीटर, त्यात आकडे उलटे. मी हं हं म्हणत राहिले. हीच त्यांनी आदल्या दिवशीही सांगितली होती, आणि त्याच्या आदल्या दिवशीही. मी बोलले नाही. ऑटोत त्या रागावल्या होत्या तसं पुन्हा नको, असं काहीतरी मनात असावं, किंवा नसेलही. सगळं सांगून झालं तरी त्या फोन ठेवीनात.

“विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “हेच मी काल सांगतलं होतं ना?”

मी म्हटलं, हो.

“मग धरली काहून नाही?”

ही पुन्हा सांगण्याची चूक त्यांनी ठरवून केली होती की झाली होती, ते मला माहीत नाही. ह्या वेळी साक्षीदार कोणी नव्हता. मी म्हटलं, उद्यापासून धरेन. “धरा,” त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, “अन् खोटं नका बोलू.” डब्यात चार संत्रागोळ्या आणून ठेवल्या आहेत मी, फोनजवळ. माझ्या साखरेला चालत नाहीत. पण त्या बाईंची चूक धरल्यावर गोळी कोणी खायची, तो नियम मोडायची माझी हिंमत नाही.