डाव्या पुठ्ठ्यावरचा गेरू

तात्यांना माणसांची तोंडं लक्षात राहत नसत. दीडशे मेंढरांतली कुठली कुणाची लेक आणि कुठली कुणाची नात, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं, पण माणूस समोर आला की डोळे बारीक करून विचारायचे, "तू कुनाचा रं?" माझ्या बारशाला जेवून गेलेला हा माणूस, आणि मी पोराबाळांचा झालो तरी मला हाच प्रश्न! वर कारण द्यायचे, "मानसांची तोंडं समदी सारखीच असत्यात. मेंढराला कसा चेहरा असतोय."

आमची वाडी मार्गासनीच्या वरच्या अंगाला. आमच्याकडे सपाट जमीन म्हणजे भातखाचरं, आणि खाचरात चेंडू गेला तर मालक चेंडूच्या आधी आम्हाला फोडणार. उरला एकच माळ, तिथं तात्यांची मेंढरं बसायची. फुटबॉलसाठी परवानगी मागायला गेलो तर म्हणाले, "खेळा, पन मेंढरं उठल्यावर." आठवड्यात ते काठी टेकून कडेला बसू लागले, महिन्याभरात आम्हाला शिव्या देऊ लागले, आणि मग आम्ही त्यांना मॅनेजर म्हणू लागलो. ऑफसाईड त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही कळला नव्हता.

पहिला सामना पासलीच्या पोरांशी झाला. त्यांच्या अंगात पांढरे बनियन आणि पांढऱ्या चड्ड्या, आमच्याही अंगात तेच. दहा मिनिटं तात्या नुसते चुळबुळ करत होते. मग उठले आणि गेरूचा डबा घेऊन थेट मैदानात शिरले. आता धनगराची रीत अशी की ज्याच्या त्याच्या कळपाची खूण ठरलेली. कुणी मानेवर निळा पट्टा ओढतो, कुणी शिंगं रंगवतो. तात्यांची खूण मागच्या अंगाला, डाव्या पुठ्ठ्यावर लाल गेरूचा फटका. पंच शिट्टी फुंकून फुंकून दमला, पण अकराही जणांना खूण लागल्याशिवाय तात्या बाहेर आले नाहीत. आम्ही पाच-शून्य हरलो. तात्या मात्र खूश. "आपलं एक बी त्येंच्यात मिसळलं न्हाई," ते प्रत्येकाला थांबवून सांगत होते.

गेरूत ते तेल घालून काहीतरी मिसळायचे, त्यामुळे डाग धुऊन जाईना. पुढच्या सामन्याला त्याच चड्ड्या घातल्या आणि तोच आमचा रंग ठरला.

एकदा रंग ठरला की त्याला अर्थ लावणारे शहाणे निपजतातच. शाळेचे गुरुजी म्हणाले, लाल म्हणजे त्याग. सरपंचांनी भाषणात सांगितलं की ही आपल्या मावळातली माती आहे आणि तो उगवता सूर्य आहे. सूर्य तिथून का उगवावा, हे त्यांनी सांगितलं नाही. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "लाल म्हंजी माजं. बास." आणि त्याच जागी का? "मेंढरू पळाया लागलं की तोंड दिसतंय व्हय? तुमी तर सारखं पळतच असताय."

नियमही त्यांचे कळपाचेच. एकदा पासलीचा एक गडी, चांगला तगडा फॉरवर्ड, मध्यंतरात आमच्या घागरीतलं पाणी प्यायला आला. तो ओंजळ धरून वाकला आणि तात्यांनी मागून गेरूचा फटका मारला. "आपल्या पान्यावर आलं, आपल्यात ऱ्हायलं." उत्तरार्धात त्याची माणसं त्याला चेंडू देईनात आणि आम्ही देऊ लागलो. पठ्ठ्यानं आमच्याकडून गोल केला! भांडण पार चावडीपर्यंत गेलं, पण गडी तेव्हापासून आमच्यातच खेळतो.

पुढे तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "आन् मेंढरं कोन राखंल, डाक्टर?" लांबचं सगळं धुरकट, त्यात फक्त लाल ठिपके दिसायचे. त्या ठिपक्यांवर ते अख्खा सामना बघायचे.

नेमका त्याच वर्षी पालीकडे रिसॉर्ट काढलेला एक शेठ क्लबला ड्रेस द्यायला निघाला. बूटसुद्धा देणार होता. ड्रेस पोपटी, आणि अट एकच, गेरूचा डाग नको, त्या जागी रिसॉर्टचं नाव. बूट म्हटल्यावर पोरांनी डोळे झाकून होकार दिला. तात्यांना सांगायचं काम कॅप्टनचं, म्हणजे माझं. तीन वेळा त्यांच्या मेंढवाड्यावर गेलो, तीन वेळा ताक पिऊन परत आलो. भित्रा मी, दुसरं काय!

भोरच्या संघाशी, भोरलाच सामना आला. आम्ही पोपटी आणि समोरचा संघ नखशिखांत लाल. तात्या कडेला टॉवेल अंथरून बसले होते. लाल पोरं मैदानात उतरली तशी त्यांचा चेहरा उजळला. "आज लई गेरू लावलाय रं," असं शेजारच्याला सांगताना मी स्वतः ऐकलं. आम्हाला चार गोल बसले आणि प्रत्येक गोलाला तात्यांनी टॉवेल उडवला. सामना संपल्यावर ते उठून पुढं आले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्यांनी मला हातानं बाजूला सारलं आणि म्हणाले, "पावनं, जरा सरका. माजी पोरं येत्यात."

मी नुसतं बोललो असतो तरी आवाजावरून ओळखलं असतं त्यांनी. पण मी बाजूला सरकलो.

ती लाल पोरं भली. म्हातारा गालावरून हात फिरवतोय म्हटल्यावर एकेकानं पाय धरले. तात्यांनी त्यांना आमच्या टेम्पोत बसवलं, आमच्यासाठी आणलेल्या भाकरी आणि ठेचा खाऊ घातला, आणि ड्रायव्हर मान डोलावत वाडीकडे निघालासुद्धा. आम्ही उपाशीपोटी एसटीची वाट बघत बसलो. लाल पोरांना वाडीवरून भोरला परतायला रात्र झाली म्हणे, पण एकानंही तात्यांना खरं सांगितलं नाही. परक्यांना जे कळलं ते आम्हाला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. तात्या खुशीत होते. "पोरांनी काल लई मान दिला," म्हणाले. मग विचारलं, "तू कुठं हुतास?"

"हुतो की तात्या, तुमच्या म्होरंच."

"मग दिसला न्हाईस," ते म्हणाले, आणि मेंढरांकडे वळले.

थंडीत त्यांनी अंथरूण धरलं. निरोप आला तेव्हा मी सगळ्यांना गोळा केलं, पोपटी चड्ड्या घालायला लावल्या आणि रिसॉर्टच्या नावावर आपल्या हातानं गेरू फासला. शेठला काय म्हणायचं ते म्हणो. आम्ही अकरा बाप्ये तात्यांच्या खाटेपाशी रांगेनं गेलो, एकेक जण पाठमोरा होऊन वाकला. तात्या डोळे अगदी जवळ आणायचे, डागावरून बोट फिरवायचे आणि मग पुढच्याला खुणावायचे.

तेवढ्यात तात्यांची बायको, आमच्या काकी, चहा घेऊन आत आल्या. समोरचा देखावा बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अरं मुडद्यांनो, मरायला टेकलेल्या मानसाला ह्ये काय दावताय? चला, हुबं ऱ्हावा नीट."

आम्ही शरमून सरळ व्हायला लागलो. तात्यांनी हात वर करून काकींना थांबवलं.

"असू दे गं," ते म्हणाले. "माजीच हायेत ती."