छावणीतल्या बाजींचा डिस्प्ले

हे मी आजवर कुणापाशीच बोललो नाही. बायकोला नाय, ज्याच्यासोबत रोज सकाळी चहा पितो त्या शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही नाय. मग तुम्हालाच का सांगतोय? — ठाऊक नाही. सांगतोय एवढं खरं.

आधी माझी ओळख. मुकुंदवाडीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, बारा-तेरा वर्षं झाली. आमच्या भागात एक रिवाजच पडलाय. जुना फोन कुठूनही घ्या, पण पैसे द्यायच्या आधी तो माझ्या नजरेखालून गेला पाहिजे. मी 'घ्या' म्हणलं की घेतला, 'राहू द्या' म्हणलं की राहिला. आणि शेखी मिरवत नाही, पण माझी नजर लई पक्की आहे. स्क्रू भिंगाखाली धरला की फोन आधी उघडलाय का ते कळतं. काठावरून नख फिरवलं की डिस्प्ले बसवणाऱ्याचा हात कच्चा होता का तेही कळतं. पांढरा फोटो लावून पिवळेपणा बघायचा, कॉल लावून फोन कानाशी न्यायचा, स्क्रीन विझते का बघायचं. बॅटरी फुगायला लागली असली तर मी फोन हातात घेतल्या घेतल्या सांगतो. यात मी आजही कुणाला हार जात नाही.

मग चुकलं कुठं? एकदा चुकलंच — पण ती चूक माफ होण्यासारखी होती. मी सांगायला बसलोय ते चुकीबद्दल नाही. तिच्या नंतरचं आहे. जरा थांबा, क्रमानं सांगतो, नाहीतर पुन्हा गिळून बसेन.

शहराच्या छावणी भागात नसीम बाजी म्हणून एक बाई होत्या; बाजी म्हणजे थोरली बहीण, सगळे त्यांना तसंच म्हणायचे. पन्नाशीच्या. घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून मोबाईल दुरुस्त करायच्या. मालक, कारागीर, सगळं त्याच. त्यांच्याकडं गिऱ्हाईक सगळं बायकांचं. का, ते तुम्हीच बघा — फोनात लेकीसुनांचे फोटो असतात, माहेरी पाठवलेल्या मेसेजांतली रडारड असते, आणि तो फोन पासवर्डसकट परक्या माणसाच्या हातात सोडून जायचं म्हणजे जिवाला घोर. बाजींकडं तो घोर नव्हता. बुरख्यातल्या यायच्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या यायच्या, कॉलेजच्या पोरी यायच्या. फोन टाकून बाजाराला जायच्या, बिनधास्त.

माझी चुलत बहीण वर्षा पार्लर चालवते. तिला बाजींकडचा एक जुना फोन आवडला. "दादा, तू सोबत येऊन एकदा बघ," म्हणली. गेलो.

बाकड्यावर चार-पाच बायका बसलेल्या. मी खिशातून भिंग काढलं. खोटं कशाला बोलू, सगळ्या बघायल्या म्हणून जरा जास्तच ऐटीत काढलं. फोन चांगला होता. उघडलेला होता, पण काम सफाईचं होतं, डिस्प्लेला पिवळेपणाही नव्हता. मग मी सेटिंगमध्ये गेलो. त्या कंपनीच्या फोनात एक पान असतं, कोणता पार्ट बदललाय ते तिथं लिहून येतं. डिस्प्लेपुढं लिहिलं होतं — अनोळखी पार्ट. झालं. मी फोन टेबलावर ठेवला आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणलं, "बाजी, डिस्प्ले डुप्लिकेट आहे. ओरिजिनल सांगून विकता व्हय?"

बाजी चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "नक्को बोलो भाऊ वैसा. असलीच है. ऐसेच एक फोन का बोर्ड जल गया था, उसका डिस्प्ले मैं खुद निकाल के लगाई. दूसरे फोन का असली लगाए तो भी ये वैसाच लिखता."

मी हसलो. बारा वर्षं हेच करतोय, मला शिकवू नका, असं काहीतरी बोललो. बाकड्यावरची एक बाई उठली आणि तिनं दुरुस्तीला दिलेला फोन परत मागितला. उघडलेला होता, तरी मागितला. बाजी खाली मान घालून स्क्रू बसवायला लागल्या. आम्ही निघालो.

घरी आल्यावर मी त्या पानाचा फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. छावणी, बायकांचं दुकान, सावध राहा. दोन दिवसांत तो फिरत फिरत छावणीतच पोचला.

इथवर चूकच होती, नाही का? उद्धट होती, पण चूक.

त्याच आठवड्यात माझ्याकडं त्याच मॉडेलचे दोन फोन आले, एकाच घरचे. एकाचा बोर्ड मेलेला, दुसऱ्याची काच फुटलेली. मालक म्हणाला, त्याचा डिस्प्ले याला लावा. लावला. माझ्या हातानं काढलेला, कंपनीचाच, त्याआधी कधी न उघडलेल्या फोनातला. चालू केला आणि सवयीनं ते पान उघडलं. अनोळखी पार्ट.

काढून पुन्हा बसवला. पुन्हा तेच.

म्हणजे बाजी जे बोलल्या ते शब्दन् शब्द खरं होतं. फोन फक्त एवढंच सांगतो की हा पार्ट माझ्यासोबत जन्मलेला नाही. तो असली की नकली, हे फोनला सांगताच येत नाही. मी ते पान वाचायला शिकलो होतो, त्याचा अर्थ बाजींना ठाऊक होता.

आता सांगतो. त्याच संध्याकाळी ग्रुपवर एकानं विचारलं, "छावणीवाल्या बाईचं पक्कं आहे का?" फोन माझ्या हातात. शेजारी तो डिस्प्ले लावलेला फोन, ते पान उघडंच. मी लिहिलं — शंभर टक्के.

का लिहिलं? घाबरलो. आज एक चूक कबूल केली तर उद्या माझं 'घ्या' आणि 'राहू द्या' कोण ऐकणार? लाज वाटली, पण भीती तिच्याहून मोठी होती. आणि राग होता — बाजींवर. त्यांनी मला शिकवलं याचा. हे सांगताना माझं मलाच कसंतरी होतंय, पण होता.

पुढच्या आठवड्यात बाजींनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. वर्षाकडून नंबर घेतला असणार. "भाऊ, एक दफा आ जाओ. आपके सामने खोल के बताती." रडणं नाही, भांडण नाही. मी सगळं ऐकलं. उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुसून टाकलं.

तीन-चार महिन्यांत बाजींचं टेबल उठलं. त्या बिडकीनकडं एका कंपनीत पॅकिंगला जातात, सकाळच्या बसनं, असं वर्षानं सांगितलं. मी "असं का" म्हणलं आणि जेवत राहिलो. माझं दुकान मात्र चाललं. दणक्यात चाललं. छावणीहूनही लोक यायला लागले — बघा, काय हुशार माणूस, याच्या नजरेतून काही सुटत नाही.

मागच्या महिन्यात भर दुपारी एक बाई आली. छावणीची. चार्जिंगचा पार्ट बदलायचा होता. ठेवून जा, संध्याकाळी देतो म्हणलं, तर नाय म्हणाली. स्टूल ओढून बसली आणि दोन तास माझ्या हाताकडं बघत राहिली. फोन टेस्टिंगला अनलॉक करायचा तर तिनं स्वतः केला आणि लगेच मागून घेतला. निघताना मला ओळखल्यासारखी थांबली. त्या दिवशी ती बाजींच्या बाकड्यावर होती. म्हणाली, "भैया, एक पूछूँ? नसीम बाजी सच में नकली लगाती थी क्या?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ग्रुप नव्हता, बघणारं नव्हतं, माझं काही जाणार नव्हतं. एका बाईला खरं काय ते हवं होतं, आणि या शहरात ते बाजींनंतर मलाच ठाऊक होतं.

मी तिच्याकडं बघून म्हणलं, "व्हय."