चाळीस पुडे आणि एक प्लेट

वटारच्या वसुंधरा चुरीबद्दल तिच्या सासरी चोवीस वर्षं एक मत पक्कं होतं, की बाई गंभीर आहे. बघायला आलेल्या मंडळींसमोर ती तोंड मिटून बसली होती, विचारलं तेवढ्यापुरती मान हलवत होती. घरी परतताना सासऱ्यांनी निकाल दिला, "मुलगी पोक्त आहे." पोक्त कसली! पुढचे चार दात ओठांबाहेर डोकावत होते. ते लपवायचे तर बोलणार कशी आणि हसणार कशी? पण एकदा शिक्का बसला तो बसला. घरात कुणी विनोद करायला लागलं की बाकीचे म्हणायचे, "हळू, वसुंधरा बसलीय."

खरं तर तिच्याइतकी वात्रट बाई आख्ख्या वटारमध्ये नव्हती. हे फक्त शेजारच्या मटिल्डाला ठाऊक. दुपारी वाडीच्या कुंपणापाशी दोघी भेटल्या की वसुंधरा आपल्या थोरल्या जावेची, विनितावहिनींची अशी नक्कल करायची की मटिल्डा कुंपणाचा खांब धरून खाली बसायची. वसुंधरा स्वतः मात्र तोंडावर हात धरून हसायची. हात नसला तर पदर, पदर नसला तर केळीचं पान.

सेहेचाळिसाव्या वर्षी हिरड्यांतून रक्त यायला लागलं म्हणून ती विरारला डॉक्टर मर्लिनकडे गेली. मर्लिनने सांगितलं, दात सरळ केल्याशिवाय हिरड्या ताळ्यावर येणार नाहीत. मग तारा बसल्या. "या वयात?" असं ज्यांना विचारायचं होतं त्यांनी विचारून घेतलं. विनितावहिनींनी तर दोनदा विचारलं. वसुंधराला त्याचं काही वाटलं नाही. तिला सलत होतं ते निराळंच. तिच्या हातच्या सुकेळ्यांना पार बोळिंजपासून मागणी. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, सुक्या पानात बांधलेले तिचे पुडे लोक परगावी नेत. आणि ती चिकट सुकेळी तारांमुळे तिला स्वतःला दोन वर्षं चाखता आली नाही. चव बघायचं काम नवऱ्याकडे, जगन्नाथकडे होतं. तो प्रत्येक खेपेला "छान आहेत" म्हणायचा. एकदा आंबलेल्यांनाही म्हणाला.

शेवटी तारा निघाल्या. मर्लिनने पारदर्शक प्लेट दिली, दातांवर टोपीसारखी बसणारी. "खाताना काढायची आंटी, बाकी पूर्ण वेळ तोंडात. नवी बनवायला पंधरा दिवस लागतात, म्हणून जपा. दात भारी हट्टी असतात. मोकळे सोडले की निघाले परत आपल्या जुन्या जागेवर."

नवे दात घेऊन जगणं सोपं नव्हतं. जीभ दिवसभर तारा शोधत फिरायची. फोनवर तिचा आवाज ऐकून गिऱ्हाइकं विचारायची, सर्दी झालीय का? आणि मुख्य म्हणजे हात. हसू आलं की उजवा हात आपोआप तोंडावर. तिने कपाटाच्या आरशासमोर, दाराला कडी लावून, हात पाठीमागे बांधून हसायचा सराव केला. बाहेरून जगन्नाथने विचारलं, "दम लागलाय का? पाणी आणू?"

दहा दिवस झाले, पण घरात कुणीही तिचे दात धड पाहिले नव्हते. विनितावहिनींनी तेवढे पाहिले, बोंबील ताजा आहे का बघावा तशी तिची हनुवटी धरून म्हणाल्या, "बरे दिसतात. पण तुला काय गं उपयोग? तू हसतेस कुठे?" हे शब्द वसुंधराला लागले. रात्रभर लागत राहिले. हसण्यासाठीच तर आपण दोन वर्षं काढली, आणि आता तेच जमत नाही, हे तिला कुणाला सांगताही येईना.

विनितावहिनींच्या मुलाचा, हर्षवर्धनचा साखरपुडा आगाशीच्या हॉलमध्ये होता. पाहुण्यांना द्यायला सुकेळ्यांचे चाळीस पुडे वसुंधराने करायचे ठरले होते. त्या दिवशी सकाळी सात वाजता ती पडवीत पुडे बांधायला बसली. एक सुकेळी फारच सुरेख उतरली होती, मधासारखी तांबूस. दोन वर्षांचा उपास होता. तिने प्लेट काढली, शेजारच्या सुक्या पानावर ठेवली आणि सुकेळी तोंडात टाकली. डोळे मिटले. छान होती. जगन्नाथ दोन वर्षं खोटं बोलत नव्हता म्हणायचा.

डोळे मिटलेले असले तरी हात चालू होते. वीस वर्षांची सवय त्या हातांना. पानावर जे असेल त्यावर अकरा सुकेळ्या रचायच्या, पान दुमडायचं, केळीच्या सोपटाची दोरी आवळायची, गाठ मारायची, पुढचं पान. नऊ वाजता विनितावहिनी गाडी घेऊन आल्या आणि चाळीस पुडे घेऊन गेल्या. वसुंधराने चूळ भरली, प्लेट घ्यायला पडवीत आली, तर पानही नव्हतं आणि प्लेटही नाही. ती तशीच कुंपणापाशी मटिल्डाकडे धावली.

"उघडून बघायला सांग ना वहिनींना," मटिल्डा म्हणाली.

"त्यांना? मेले तरी सांगणार नाही. पुढची चोवीस वर्षं पुरवून पुरवून सांगतील."

"मग पंधरा दिवस बिनप्लेटची रहा."

"आणि दात परत बाहेर?" वसुंधराचे डोळे भरले. "मटिल्डा, परत तोंडावर हात घेऊन नाही गो जगायचं मला."

हे ऐकल्यावर मटिल्डाने घरात जाऊन ठेवणीतली साडी नेसली. निमंत्रण तिलाही होतंच.

हॉलवर पोचल्या तोवर पुडे खुर्चीखुर्चीवर मांडून झाले होते आणि निम्म्या खुर्च्यांवर पाहुणे होते. दोघींनी बाजू वाटून घेतल्या. "एखादा पुडा ओलसर राहिलाय, बघते हं," असं म्हणत वसुंधरा एकेका पाहुण्याच्या मांडीवरचा पुडा दाबून बघू लागली. मटिल्डाने तर कारण सांगायचीही तसदी घेतली नाही. एका आजोबांनी आपला पुडा बंडीत लपवला. विनितावहिनी लांबून डोळे वटारत होत्या. चौतीस पुडे झाले. सगळे मऊ.

पस्तिसावा पुडा पहिल्या रांगेत होता, नवरीमुलीच्या मोठ्या काकांच्या हातात. हे कामणचे रमेशकाका म्हणजे तिकडचं मोठं प्रस्थ. सगळी बोलणी त्यांच्या शब्दावर झाली होती. भटजींना उशीर झाला होता, काकांना भूक लागली होती. वसुंधरा पोचायच्या आत त्यांनी दोरी सोडली, वरच्या चार सुकेळ्या खाल्ल्या, आणि तळाशी असलेल्या पाचवीच्या खालून काहीतरी चिमटीत धरून उजेडात वर उचललं.

पारदर्शक दातांची आख्खी कमान. सुकेळीचा चीक लागलेली.

सगळ्या माना तिकडे वळल्या. "हे काय आहे?" काकांनी विचारलं. "कुणाचं आहे?"

विनितावहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. वसुंधरा तीन पावलांवर उभी होती. तिचा उजवा हात वर निघाला, तोंडापर्यंत आला. गप्प बसली असती तर कुणाला कधी कळलंही नसतं. काकांनी प्लेट कचऱ्याच्या टोपलीत भिरकावली असती, आणि वसुंधरा पुन्हा पोक्त झाली असती. काकांनी खरंच टोपली कुठे आहे ते बघायला मान वळवली.

"टाकू नका, माझी आहे ती!" वसुंधरा ओरडली. वर आलेला हात तिने तसाच पुढे केला. "द्या इकडे. सकाळपासून चाळीस माणसांच्या मांड्या चाचपल्या हिच्यापायी."

काकांनी आज्ञाधारकपणे प्लेट दिली. तिने त्यांच्याच पुढ्यातल्या पाण्याच्या ग्लासात ती खळबळली, दातांवर टक्कन बसवली आणि म्हणाली, "वहिनी, तुमची सोयरीक पक्की झाली बघा. पाहुण्यांनी आपले दात बघितले, आता मोडायला जागा नाही."

हे तिने विनितावहिनींच्याच आवाजात म्हटलं, त्यांच्यासारखी मान वेळावून. आधी मटिल्डा फुटली. मग रमेशकाका, पोट धरून. मग सगळा हॉल. आणि वसुंधरा हसली. मोठ्याने, मान मागे टाकून, दोन्ही हात बाजूला. तिचं तिलाच नवल वाटलं, आपल्याला एवढा आवाज आहे! वहिनींनी थोडा वेळ धीर धरला, पण त्याही हसल्याच, काय करणार.

भटजी आले, साखरपुडा झाला. जेवणाच्या रांगेत जगन्नाथ बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ ताट हातात फिरवत होता.

"वसू, तू नेहमीच अशी हसायचीस?"

"मागच्या दारी जाऊन. तुमच्यासमोर दात दिसले असते ना."

जगन्नाथ खाली बघत म्हणाला, "मी काही गंमत सांगायला लागलो की तू उठून आत जायचीस. चोवीस वर्षं. मला वाटायचं, मी म्हणजे अगदीच कंटाळवाणा माणूस. म्हणून मग हळूहळू सांगायचंच बंद केलं."

आपले दात लपवताना आपण या माणसाचं काय काय लपवून टाकलं, हे वसुंधराला त्या रांगेत उभ्या उभ्या कळलं. तिने त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने वडे वाढले.

"सांगा एखादी," ती म्हणाली. "आता."

जगन्नाथने घसा खाकरला आणि बैलगाडीतल्या इन्स्पेक्टरची एक गोष्ट सांगितली. फार लांबली, आणि शेवटी काहीच नव्हतं. वसुंधरा जागची हलली नाही. त्याच्या तोंडाकडे बघत, सगळे दात दाखवत, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.