बँकेच्या दारातली म्हावऱ्याची पाटी

माझ्या इंजिनीअरिंगच्या पदवीवर कुलगुरूंची सही आहे. पण ती पदवी मिळवली आईच्या म्हावऱ्याच्या, म्हणजे मासळीच्या, पाटीने, आणि हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पुढच्या मजकुरात तिखटमीठ घातलंय, नाही असं नाही, पण चवीपुरतंच. बेसुमार तिखट घालायची सवय आमच्या घरात फक्त आईला.

आम्ही भाईंदरजवळच्या मुर्ध्याचे. बाबांची होडी खाडीच्या तोंडापर्यंत जाणारी, आणि इतकी लहान की बाबांना शिंक आली तर दिशा बदलायची. आई भाईंदर पश्चिमेच्या मार्केटात बसायची. बोय, कोळंबी, चिंबोऱ्या आणि नशीब जोरावर असेल त्या दिवशी एखादा जिताडा. अशा घरात मला बारावीला जे मार्क पडले, तेवढे आमच्या आळीत त्याआधी कोणाला पडले असतील तर दोघांना मिळून.

कॉलेज मिळालं. मग फीचा कागद आला. बाबांनी तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला आणि शेवटी शून्यं मोजायला मला बसवलं.

"इतक्या पैशांत दोन होड्या येतील," बाबा म्हणाले.

"वर एक इंजिन," आई म्हणाली. "पन होडी काय नोकरीला लागत न्हाय. चल गो, बँकेत जाऊ."

बँक मार्केटपासून चार दुकानं सोडून. तिथले मॅनेजर साहेब गुजराती, शिडशिडीत, अतिशय सभ्य. आणि असे शुद्ध शाकाहारी, की कांद्यालसणाचं नाव निघालं तरी पाणी पीत. शैक्षणिक कर्जासाठी त्यांनी इतके कागद मागितले की माझ्या बालवाडीच्या दाखल्यालाही उजेड दिसला. बाबा नेहमी पाण्यात, म्हणून सहकर्जदार आई. तिने जीभ दातांत धरून, पेन कोयत्यासारखं पकडून, सतरा ठिकाणी सही केली. मग साहेबांनी समजावलं. बँक दर वर्षीची फी परस्पर कॉलेजला पाठवणार. त्याआधी दर वर्षी माझी मार्कशीट बघणार. शिक्षण संपून वर एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही. व्याज मात्र चढत राहील. जमलं तर ते थोडं थोडं भरा, नाही जमलं तरी चालेल.

"म्हंजे पाच वर्सं आमाला कोन काय विचारनार न्हाय?" आईने मला विचारलं. मी ते हिंदीत साहेबांना विचारलं.

"नहीं मौसी. बच्ची को आराम से पढने दो."

बाहेर आल्यावर आई फुटपाथवरच थांबली. "काहीतरी घोळ हाय. इतकी माया सख्खा भाऊ लावत न्हाय."

आता इथे आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं मी रचलंय असं वाटेल. जाळ्याला, इंजिनाला पैसे लागले की बाबा मार्केटातल्या व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घ्यायचे. तिला आम्ही उचल म्हणतो. उचल फिटेपर्यंत रोजचं म्हावरं पहिल्यांदा त्या व्यापाऱ्याला दाखवायचं. त्याने बघितल्याशिवाय पाटीवरचं फडकं दुसऱ्या कोणासमोर काढायचं नाही. तो घेईल, न घेईल, त्याची मर्जी. आईच्या डोक्यात हे इतकं पक्कं होतं की बँकेचा अठरा पानी करार तिने त्या एका रीतीत बसवून टाकला. उचल घेतली बँकेकडून, तर पाटी पहिली बँकेला.

पुढच्याच बुधवारी दहा वाजता बँकेचं शटर वर गेलं, तेव्हा खाली आई उभी होती. डोक्यावर पाटी. मागे मी, कॉलेजची बॅग पाठीला, जमीन कधी दुभंगते याची वाट बघत. ती सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेली, पाटी खाली ठेवली आणि फडकं काढलं.

"साहेब, तुमने पैसा दिया ना? तो पहिला तुमको दिखाने का. हमारे में ऐसाच है."

साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग हिरवा, मग बँकेच्या पासबुकाच्या रंगाचा. रुमाल नाकाला लावून ते म्हणाले, "मौसी, ये... ये सब जिंदा है?"

"खाली चिंबोरी जिंदा है. बाकी कल रातकोच मर गया."

चिंबोरीला बहुधा आपलं नाव ऐकू आलं. एक धिप्पाड नर खेकडा पाटीतून बाहेर पडला आणि गुळगुळीत लादीवरून कॅश काउंटरकडे निघाला. रांगेतली माणसं पांगली. बंदूकधारी वॉचमन खुर्चीवर चढला, आणि बंदूक खालीच राहिली म्हणून तिथूनच चिंबोरीला हिंदीत दम देऊ लागला. काही जण म्हणतात चिंबोरी टोकन मशीनपर्यंत गेली. मी म्हणते तिने टोकन घेतलं. आईने शांतपणे जाऊन पायाने ती दाबली, मागून उचलली आणि हसू न आवरलेल्या माझ्याकडे बघून म्हणाली, "दात काय काढतंस, पाटी धर."

साहेबांनी आईला हाकललं नाही. त्यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे, कर्ज फिटल्यावरसुद्धा राहीन. त्यांनी हात जोडून तडजोड काढली. पाटी आत आणायची नाही. काचेच्या दाराबाहेर उभं राहून फडकं काढायचं, साहेब केबिनमधून बघतील, मान डोलावतील, झालं.

मग ते सुरूच झालं. दर बुधवारी आणि शुक्रवारी, म्हणजे मासळीला गिऱ्हाईक जास्त असतं त्या दिवशी, आई दहाला दाराबाहेर. फडकं निघायचं. आतून साहेब रुमालाआडून मान डोलवायचे. मग आई आत जाऊन दोनशे, कधी तीनशे रुपये व्याजापोटी भरायची. त्या नोटा कॅशियर वेगळ्या खणात ठेवायची, वास इतर नोटांना लागू नये म्हणून. वर्षभरात साहेबांना काचेतून कोळंबी आणि करंदी यांतला फरक कळायला लागला. ज्यांच्या सात पिढ्यांनी अंडं फोडलं नव्हतं, ते गृहस्थ एकदा मला म्हणाले, "आज माल थोडा छोटा था ना?"

आणि एक दिवस, वादळाच्या इशाऱ्याने चार दिवस होड्या किनाऱ्याला होत्या, तेव्हा आई रिकामी पाटी घेऊन निघाली.

"अगं, काहीच नाहीये तर कशाला जातेस?"

"रिकामी पन दाखवायची. न्हायतर त्याला वाटंल, आपन दुसरीकडं विकला."

दाराशी जाऊन तिने पाटी आडवी धरली आणि तिचा तळ साहेबांना दाखवला. साहेबांनी नेहमीसारखीच मान डोलावली. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून हे बघितलं आणि मैत्रिणींना सांगितलं की ती बाई कोण, मला माहीत नाही. हे मी आज लिहितेय ते आईला वाचता येणार नाही इतक्या लहान अक्षरात.

दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि मला दोन विषयांत केटी लागली. गणितात आणि सर्किटमध्ये. कॉलेज म्हणालं, पुढच्या वर्गात बस, विषय नंतर सोडव. पण फी पुढच्या बुधवारपर्यंत भर, नाहीतर परीक्षेचा फॉर्म नाही आणि वर्ष गेलं. फी भरणार बँक, आणि बँकेला मार्कशीट हवी. मी एकटीच साहेबांकडे गेले. त्यांनी मार्कशीट दोनदा वाचली.

"दो विषय में फेल है तो मैं अकेला पैसा नहीं छोड सकता. ऊपर लिखना पडेगा. मौसी का साइन लेके अर्जी लाओ." मग हळूच विचारलं, "मौसी को मालूम है?"

"हां सर," मी म्हणाले. डोळ्यांची पापणी न हलवता. खोटं बोलण्याच्या विषयात मला कधीच केटी लागली नाही.

आईला सांगायची माझी हिंमत नव्हती. माझ्या मार्कांवर ती मार्केटात कोळंबीपेक्षा जास्त भाव घ्यायची. म्हणून मी आईची सही शिकायला बसले. सोपी नव्हती. तिची प्रत्येक सही वेगळी, शेवटचं अक्षर खाडीत उतरल्यासारखं. जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर मी ती चाळीसेक वेळा काढली. शेवटच्या पाच तर अशा जमल्या की खुद्द आईची त्यांच्यासमोर बनावट वाटावी. कागद रद्दीत टाकला आणि कॉलेजला गेले.

हुशार मुलीने एवढं लक्षात ठेवायला हवं होतं, की आमच्या घरातली रद्दी कुठे जाते.

आईने मार्केटात एका बाईला अर्धा किलो कोळंबी बांधून द्यायला कागद उचलला आणि कागदावरून तिचंच नाव चाळीस वेळा तिच्याकडे बघायला लागलं. कोळंबी तिने दुसऱ्या कागदात दिली. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तो कागद ओट्यावर होता, घडी घालून, वर पाटा ठेवलेला.

"ही सही मी कवा केली?"

मी एक भूकंप, दोन प्राध्यापकांचं वैर आणि कंप्युटरची चूक अशी तीन कारणं एका दमात सांगितली. आई ऐकून घेत होती. मग ती इतकंच म्हणाली, "मार्क दाखव."

दाखवले. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण लाल शाई कुठल्याच भाषेची नसते.

"दोन?"

"दोन."

मग साहेबांनी अर्जावर तिची सही मागितल्याचंही सांगितलं.

"फेल झालीस तं झालीस गो. बापाच्या जाळ्यात काय रोज म्हावरं येतं? पन लपवलीस कशाला? साहेबाला सांगतंस, आन् मना न्हाय? माजी सही करतंस?" तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. रात्रीच्या जेवणात तिखट नव्हतं, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

शुक्रवारी दहा वाजता आम्ही दाराबाहेर. पाटी भरलेली होती, मोसम नुकताच सुरू झालेला. आईने पाटी खाली ठेवली, फडकं मात्र काढलं नाही. मला म्हणाली, "तू दाखव आधी."

"काय?"

"तुजी पाटी."

मी मार्कशीट काचेला लावून धरली. दोन्ही हातांनी, छातीच्या उंचीवर. मागे भाजीवाले, रिक्षावाले, दोन शाळकरी पोरी आणि माझ्या हिशेबाने अर्धं भाईंदर उभं होतं. साहेबांनी वर बघितलं आणि सवयीने मान डोलावली. मग परत बघितलं. उठले आणि बाहेर आले.

"मौसी, ये क्या?"

"साहेब, ये इस साल की पाटी. दो नग खराब है, बाकी ताजा है. हमने छुपाया नहीं." माझ्याकडे न बघता तिने दुरुस्त केलं, "इसने छुपाया. मैंने नहीं."

साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये नेलं. अर्जावर आईने तिची खरी सही केली. माझ्याइतकी चांगली नाही आली. साहेबांनी वरच्या ऑफिसला स्वतः चिठ्ठी लिहिली. मी टेबलाच्या या बाजूने ती उलटी वाचली, आणि त्यात इंग्रजीत असं होतं की सहकर्जदार आठवड्यातून दोनदा स्वतःहून शाखेत येतात, आपला सर्व माल उघड करतात, माल नसल्यास तेही कळवतात, आणि हप्ता सुरू नसताना व्याज भरतात. एका जागी 'समुद्री उत्पादन' असा शब्द होता असंही मला आठवतंय, पण त्याची हमी नाही.

"कुछ बोल नहीं सकता," साहेब म्हणाले. "बुधवार तक आया तो आया."

सोमवार गेला. मंगळवार गेला. कॉलेजच्या ऑफिसातला माणूस माझं नाव यादीवर पेन्सिलीने गोल करून बसला होता. होडी विकली तर किती येतील, याची बाबा चौकशी करून आले, आणि आलेला आकडा त्यांनी कोणालाच सांगितला नाही.

बुधवारी दहाला आईने नेहमीसारखं फडकं काढलं. केबिनमध्ये साहेब नव्हते. आई तशीच उभी राहिली, उन्हात, पाटी उघडी टाकून, माशा वारत. गिऱ्हाईकं विचारायला लागली, तिने कोणाला भाव सांगितला नाही. साडेदहाला आतलं दार उघडलं आणि साहेब हातात एक कागद घेऊन बाहेर आले. नाकाला रुमाल नव्हता.

"हो गया मौसी. फीस गया. लेकिन अगले साल दोनों विषय निकालने का."

मग ते चक्क वाकले आणि पहिल्यांदाच जवळून पाटीत बघितलं. बोट दाखवून म्हणाले, "ये बोय है ना?"

"बोय न्हाय साहेब, जिताडा है," आई डोळे पुसत म्हणाली. "बोय इतना बडा देखा क्या कभी?"

दोन्ही विषय मी त्याच हिवाळ्यात सोडवले. गणितात तर इतके मिळाले की तपासणाऱ्याने परत तपासले असावेत. आता ठाण्याला नोकरी करते, घोडबंदरमार्गे जाते-येते, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता फोनवरूनच कापला जातो. अर्धं कर्ज उरलंय. आईला फोनवरच्या हप्त्याचा भरवसा नाही, म्हणून बुधवार-शुक्रवार अजून चालू आहे.

जुन्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब कोकणातले, मासे खाणारे. दारात पाटी दिसली की हे फायली टाकून बाहेर येतात, कल्ले उचलून बघतात, पोट दाबतात आणि भाव करतात. परवा आई वैतागून घरी आली.

"यो साहेब पाटी बघत न्हाय, म्हावरा बघतो. हप्ता वेळेवर भर गो. याच्यासमोर रिकामी पाटी न्यायची मना लाज वाटंल."