गाडी थंड ठेवणारे बळीरामजी

बळीराम खोब्रागडे समोर आलेल्या चहाला आधी बोटांची पाठ लावतात. मग आकडा सांगतात. "एकसष्ट," ते म्हणतात, आणि आकडा पटला तरच कप उचलतात. पाहुण्याचं कपाळ, फ्रिजची बाजू, स्कूटरचं इंजिन, सगळ्यांना हीच बोटं लागतात. एकदा माझ्या नातीला ताप आला, तेव्हा त्यांचा आकडा आणि थर्मामीटरचा आकडा यांत एका डिग्रीचा फरक पडला. त्यांनी थर्मामीटर बदलायला सांगितलं.

चौतीस वर्षं ते भिलाईच्या कारखान्यात ब्लास्ट फर्नेसच्या पाणी विभागात होते. भट्टीच्या अंगाभोवती पाणी फिरतं ठेवायचं, हे त्यांचं काम. "गुरुजी, आग तं कोणीही लावते," ते मला सांगत. "तिले सांभाळते पाणी." मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, त्यामुळे सगळी रिसाली वस्ती मला गुरुजीच म्हणते. आमच्या दोन घरांत एक कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावरून या गप्पा चालतात.

निवृत्तीनंतरचा पहिला उन्हाळा त्यांनी गल्लीतल्या लोकांचे कूलर तपासण्यात घालवला. कोणी बोलावलेलं नसे. ते कूलरच्या जाळीला कान लावत, मान हलवत आणि घरच्यांची काळजी वाढवून निघून जात. समोरच्या गिरजाबाई त्यांना येताना पाहून दार लावून घेऊ लागल्या.

त्यांची एकुलती एक मुलगी नूतन रेल्वेत सहायक लोको पायलट आहे. मालगाडीवर ड्यूटी. गाडी पाऊण किलोमीटर लांब, आणि अर्धा वेळ सिग्नलला उभी. त्या वाट पाहण्याचा वचपा म्हणून की काय, तिनं रायपूरच्या एका डॉक्टरकडून बारा वर्षं जुनी जर्मन गाडी घेतली. काळी, बुटकी, आणि इंजिनावर सुपरचार्जर. म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारं यंत्र, असं तिनं मला समजावून सांगितलं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर.

मार्चच्या शेवटच्या रविवारी ती आईबाबांना घेऊन सुपेल्याच्या बाजारात गेली. चौकात जाम होता. वीस मिनिटं गाडी ऊन खात उभी राहिली. जाम सुटला, नूतननं ॲक्सिलरेटर दाबला, गाडी नुसती फुरफुरली आणि चालत्या माणसाच्या वेगानं निघाली. डावीकडून एक कांद्याची हातगाडी त्यांच्या पुढे गेली.

"हाच का वो तो जोर?" पंचफुलाबाईंनी विचारलं. त्या बळीरामजींच्या पत्नी. कमी बोलतात, पण त्यांचं वाक्य दिवसभर पुरतं.

"आई, दाबून भरलेली हवा गरम होते," नूतन म्हणाली. "सायकलचा पंप कसा गरम होते, तशी. गाडी उभी राहिली का आणखीनच. मग कॉम्प्युटर जोर कापून टाकते, इंजिन वाचवायले. त्या हवेले थंड करायले एक छोटा पाण्याचा फेरा आहे गाडीत, पण तो कमी पडून राहिला."

मागच्या सीटवर पेंगत असलेले बळीरामजी ताठ बसले.

"पाण्याचा फेरा? पंप किती लिटरचा?"

नूतन नंतर मला म्हणाली, "गुरुजी, त्यांचा आवाज ऐकला तवाच मले समजलं, आता गाडी माही राह्यली नाही."

तरीही ती आठवडाभर टाळत होती. तिनं हात टेकले ते केवलरामजींमुळे. आमच्या भागातल्या जयंती समितीचे ते अध्यक्ष. चौदा एप्रिलच्या रॅलीत बाबासाहेबांचा फोटो सगळ्यांत पुढच्या गाडीवर असतो, आणि त्यासाठीची नेहमीची जीप यंदा उपलब्ध नव्हती. केवलरामजींनी नूतनला विचारलं आणि तिनं मान डोलावली. घरी आल्यावर तिला आठवलं की रॅली दुपारी चारला निघते, चार तास चालते, आणि पायी चालणाऱ्यांबरोबर गाडी ताशी तीन किलोमीटरनं न्यावी लागते. सुपेल्याच्या चौकात जे वीस मिनिटांत झालं, ते इथे हजार माणसांसमोर होणार होतं.

"बाबा," ती म्हणाली, "पाह्यता का जरा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बळीरामजी कारखान्याचा जुना डांगरी सूट घालून अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये हजर होते. स्टिअरिंगला लाल पुठ्ठा लटकत होता. त्यावर लिहिलं होतं: काम चालू आहे, यंत्र सुरू करू नये, बी. खोब्रागडे. बाजूला स्टुलावर एक लॉगबुक.

साडेसातला नूतन ड्यूटीला निघाली. "बाबा, किल्ली द्या. आज फक्त स्टेशनपर्यंत नेतो, संध्याकाळपासून करा तुमचं काम."

"परमिट निघालं आहे. काम संपल्याबिगर बंद होत नाही."

"परमिट कोणी काढलं?"

"मी."

"मग तुम्हीच बंद करा."

"मी काढणारा आहो. बंद करणारा वेगळा माणूस लागते."

"तुमच्या प्लांटमध्ये एक बल्ब बदलायले चार सह्या लागत होत्या."

"म्हणूनच आमचा बल्ब कोणाच्या डोक्यावर पडला नाही."

ती वडिलांच्या स्कूटरवर गेली. पुढचे दहा दिवस स्कूटरवरच गेली.

बळीरामजींचा बेत सोपा होता. गाडीच्या नाकाशी असलेला त्या फेऱ्याचा पातळ रेडिएटर काढून त्याजागी दुप्पट जाडीचा बसवायचा, मागे विजेचा पंखा लावायचा, म्हणजे गाडी उभी असली तरी हवा खेळेल. पंप जास्त ताकदीचा. आणि पाणी जास्त मावावं म्हणून मधे एक मोठी टाकी. रेडिएटर सुपेल्याच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला. टाकीसाठी त्यांनी स्वयंपाकघरात नजर फिरवली आणि पोह्यांचा स्टीलचा डबा उचलला. सुपेल्याचा वेल्डर बबलू त्यांच्याच वयाचा, डोळ्यांनी जरा मंद, पण हात पक्का. त्यानं डब्याला दोन तोट्या लावून दिल्या आणि वर झाकणाला आटे पाडले. पोहे आठवडाभर पातेल्यात राहिले. पंचफुलाबाई तिसऱ्या दिवसापासून रोज पोहेच करू लागल्या.

गाडीचा पुढचा बंपर काढून दिवाणावर ठेवला होता, कारण जमिनीवर ओरखडे पडले असते. पाहुणे आले की बंपरच्या बाजूला अंग चोरून बसत.

सातव्या दिवशी सगळं जोडून झालं. टाकी बंपरच्या मागे खालच्या मोकळ्या जागेत बसवली होती, नळ्या, क्लिपा, सगळं नेटकं. कूलंट भरलं. नूतननं स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एक छोटं यंत्र लावलं, त्याचे आकडे तिच्या मोबाईलवर दिसत. इंजिन सुरू झालं. पंप गुणगुणला. मी भिंतीवरून पाहत होतो.

चाळीस. पंचेचाळीस. बावन्न. साठ.

"थांबन आता," बळीरामजी म्हणाले.

एकाहत्तर. शहाऐंशी. नूतननं इंजिन बंद केलं. जुन्या व्यवस्थेत गाडी कधी एवढी तापली नव्हती.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. बळीरामजींनी पंप उघडला, पुन्हा लावला. पंखा उलटा फिरतो का ते कागदाचा कपटा धरून पाहिलं. नळ्या फुंकल्या. सगळं ठीक होतं आणि पाणी फिरत नव्हतं. चहा आला की ते आकडा न सांगता पीत. ते पाहून मलाच कसंतरी झालं.

दुसऱ्या संध्याकाळी इंजिन पुन्हा पाच मिनिटं चालवून बंद केलं, तेव्हा पंचफुलाबाई भाजी निवडत ओट्यावर बसल्या होत्या.

"तिच्या पोटात गुडगुड होऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "हवा अडकली असन."

"मी सोता पाणी भरलं," बळीरामजी म्हणाले. "हवा अडकू देईन का मी? नवीन पोरं यायची नोकरीवर, त्याईले पहिला धडा मी हवेचाच देत होतो."

"टाकी खाली बसवली तुम्ही, अन् ज्याले थंड करायचं ते वर. आपल्या गच्चीवरची टाकी कावून वर ठेवली मग? अंगणात ठेवली असती."

ते चप्पल घालून फिरायला निघून गेले.

फाटक लागल्याचा आवाज आला तशी नूतन आईकडे पाहत म्हणाली, "आई, टाकी वर कशी करायची? तिथे जागाच नाही."

"टाकी नको करू. गाडी कर."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुमच्या फाटकाचा चढ मोकळा आहे का?"

माझ्या फाटकापाशी सिमेंटचा चढ आहे. कंत्राटदारानं तो इतका उभा केलाय की माझी स्वतःची गाडी कधी वर आली नाही. नूतननं लाल पुठ्ठा काढून आईच्या हातात दिला आणि गाडीचं नाक त्या चढावर चढवलं. आता पुढची डब्याची टाकी सगळ्यांत उंच झाली. पंचफुलाबाईंनी झाकण उघडलं, नूतननं नुसता पंप सुरू केला, आणि मी टॉर्च धरली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डब्यातून म्हातारा माणूस जेवल्यावर देतो तसा एक लांब ढेकर आला. त्यामागे दुसरा. बुडबुडे येत राहिले, पाणी खाली जात राहिलं, आणि पंचफुलाबाई भांड्यानं कूलंट ओतत राहिल्या. जवळजवळ दोन लिटर आणखी मावलं. पंपाचा आवाज बदलून खोल झाला.

बळीरामजी परत आले तेव्हा त्यांची गाडी माझ्या फाटकात आभाळाकडे तोंड करून उभी होती, इंजिन सुरू होतं आणि बायको बॉनेटमध्ये वाकलेली होती.

"परमिट कोणी दिलं?" त्यांनी विचारलं.

पंचफुलाबाईंनी लाल पुठ्ठा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो काखेत धरला, पुढे आले, परतीच्या नळीला बोटांची पाठ लावली. बराच वेळ लावून ठेवली.

"एकोणचाळीस," ते म्हणाले.

नूतननं मोबाईल पाहिला. "अडतीस."

"मोबाईल चुकून राहिला," बळीरामजी म्हणाले, आणि घरात जाऊन लॉगबुक घेऊन आले. मी नंतर ती नोंद पाहिली. संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटं. हवा काढली. काढणारी: पंचफुला खोब्रागडे. चूक: माझी. खाली परमिट बंद करणाऱ्याच्या जागी त्यांनी पंचफुलाबाईंची सही घेतली. दुसऱ्या दिवशी बंपरच्या आतली एक पट्टी वाकवून टाकी वीतभर वर चढवली.

चौदा एप्रिलला पारा चाळीसवर होता. केवलरामजींच्या माणसांनी गाडी सजवली, आणि बळीरामजींचं पहिलं भांडण तिथेच झालं. समितीला गाडीच्या तोंडावर झेंडूचा हातभर जाड हार हवा होता.

"हार वर, हवा खाली," बळीरामजी म्हणाले.

"अहो, समोरून गाडी मोकळी दिसते," केवलरामजी म्हणाले.

"मोकळीच पाहिजे. बाबासाहेबांचा फोटो छतावर आहे नं? हार तिकडे घाला. जाळीले कशाले?"

हार छतावर गेला. जय भीमचा घोष झाला, निळे झेंडे उठले, आणि रॅली निघाली. नूतन गाडी चालवत होती, शेजारी पंचफुलाबाई मोबाईलवर आकडे पाहत होत्या. बळीरामजी बाहेर, गाडीच्या बाजूनं चालत, बॉनेटला बोटांची पाठ लावून.

पहिल्या चौकापर्यंत ठीक होतं. मग मागच्यांचा समज झाला की बॉनेटला हात लावून चालायची पद्धत आहे. आधी दोन बाया आल्या. मग लेझीम पथकातली चार माणसं. दुसऱ्या चौकात बॉनेटवर वीस-पंचवीस हात होते, आणि गाडीसमोर माणसांची अशी भिंत की पंख्याला हवा मिळेना.

"बेचाळीस," पंचफुलाबाईंनी खिडकीतून सांगितलं. "चव्वेचाळीस."

बळीरामजींनी शांतपणे समजावून पाहिलं. "भाऊ, हात काढा, हवा अडून राहिली." एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मग तुम्ही कावून ठेवला?" बळीरामजींनी आपला हात काढला. तसे बाकीचेही हात निघाले. पुढचे तीन तास ते हात पाठीमागे बांधून चालले, आणि त्यांच्याकडे पाहून डाव्या बाजूची सगळी रांग हात पाठीमागे बांधून चालली.

गाडी पंचेचाळीसच्या वर गेली नाही. रॅली जिथे संपते त्या मैदानावर पोचल्यावर बळीरामजींनी केवलरामजींशी हात मिळवला, दोन पावलं मागे गेले आणि मंडपाच्या खांबाला टेकून हळूहळू खाली बसले. चार तासांत त्यांनी एक घोटही पाणी प्यायलं नव्हतं. आम्ही त्यांना गाडीत घालून एसी लावला. पंचफुलाबाईंनी ओला टॉवेल त्यांच्या डोक्यावर ठेवला, लिंबूसरबत पाजलं, आणि त्यांच्या कपाळाला बोटांची पाठ लावून त्यांच्याच आवाजात म्हणाल्या, "अडतीस. पाणी कमी फिरून राहिलं."

नूतन स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होती. तेही हसले, पण जरा उशिरा.

पुढच्या रविवारी सकाळी तिनं आम्हा तिघांना अहिवाऱ्याच्या रस्त्यावर नेलं. रस्ता मोकळा होता. नूतननं ॲक्सिलरेटर दाबला आणि माझी पाठ सीटला चिकटली. गाडी कशासाठी घेतली ते मला तेव्हा कळलं. बळीरामजी मात्र पुढच्या सीटवर मोबाईलवर वाकलेले. "एकतीस," ते म्हणत होते. "एकतीस. तीस." दोन्ही बाजूंची शेतं मागे पळत होती आणि त्यांनी मान वर केली नव्हती.

"बाबा, जरा रस्ता पाहा नं," नूतन म्हणाली.

त्यांनी पाहिलं. मग मोबाईल मागे वळून पंचफुलाबाईंकडे दिला.

"हे तू पाह्य," ते म्हणाले, आणि नूतनकडे वळले. "आणखी जरासा दाब."